सोबत्याच्या हाती जीव

गुलमर्गला एका फेब्रुवारीत आमच्या प्रशिक्षकांनी एक पाठपिशवी बर्फात पुरली. पिशवीत एक ट्रान्सीव्हर, म्हणजे हाक मारणारे आणि दुसऱ्याची हाक ऐकणारे छोटे रेडिओ यंत्र, चालू ठेवलेला होता. आम्ही चौघे उताराकडे पाठ करून उभे होतो. "तुमचा सोबती गाडला गेलाय, शोधा," एवढेच म्हणून त्यांनी घड्याळ लावले. प्रत्येकाकडे एक ट्रान्सीव्हर, एक घडीची लांब सळई आणि एक फावडे होते. साधने चांगली होती, ऊन पडले होते, वारा नव्हता, आणि खरोखर कोणाचा जीव अडकलेला नव्हता. पिशवी हाती लागली तेव्हा २३ मिनिटे झाली होती. प्रशिक्षकांनी पिशवीवरचा बर्फ झटकला, घड्याळ आमच्यापुढे धरले आणि पुन्हा पाठ करून उभे राहायला सांगितले.

त्या २३ मिनिटांचा अर्थ मला नंतर आकडे वाचताना कळला. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसांच्या स्वित्झर्लंडमधल्या १९८१ ते २०२० या काळातल्या नोंदींचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. डोके आणि छाती बर्फाखाली गेलेल्यांपैकी ज्यांना १० मिनिटांच्या आत बाहेर काढता आले, त्यांतले ९१ टक्के वाचले. १० ते ३० मिनिटांच्या दरम्यान बाहेर काढलेल्यांत हेच प्रमाण ३१ टक्के. १९९४ साली स्वित्झर्लंडच्याच नोंदींवरून निघालेल्या पहिल्या अभ्यासाने पंधराव्या मिनिटापर्यंत बऱ्यापैकी आशा असते असे सांगितले होते. पुढच्या काळातल्या नोंदींनी ती मुदत आणखी आखडून टाकली. आमची पिशवी माणूस असती तर आम्ही बहुधा प्रेत उकरून काढले असते.

हे पुस्तक अशा मिनिटांविषयी आहे. आखलेल्या आणि राखलेल्या उतारांबाहेर, जिथे दोरी लावलेली नसते आणि धोक्याची पाटी नसते, तिथे स्की किंवा स्नोबोर्ड घेऊन जाणाऱ्यांना बॅककंट्रीवाले म्हणतात. ते अंगावर जी साधने वागवतात त्यांची ओळख लेखकांनी मराठीत करून दिली आहे. त्यांनी हस्तलिखित वाचायला पाठवले तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो बहुतेक वाचकांच्याही मनात येईल: सह्याद्रीच्या कातळावर वाढलेल्या माणसांना याचा काय उपयोग? उत्तर माझ्या ओळखीच्या तरुणांच्या सुट्ट्यांत आहे. पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मुले मनालीला, उत्तरकाशीला, दार्जिलिंगला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायला जातात. हिवाळ्यात गुलमर्गला आणि औलीला स्की शिकतात. अमेरिकेत आणि युरोपात स्थायिक झालेली मराठी मंडळी शनिवार-रविवारी बर्फाच्या डोंगरात असतात. उत्तराखंडात ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. अशा संस्थांत दरवर्षी महाराष्ट्रातून विद्यार्थी जातात. ही बातमी आपल्यासाठी लांबची नव्हती.

आपल्या बोलण्यात बर्फ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. उसाच्या रसातला तो बर्फ, फ्रीजमधला बर्फ आणि आकाशातून भुरभुरणाराही बर्फच. हिम हा शब्द आहे, पण तो पुस्तकात राहतो. त्यामुळे हिमस्खलन म्हटले की डोळ्यांपुढे वरून घरंगळत येणारा बर्फाचा गोळा किंवा कोसळणारा कडा येतो. स्की करणाऱ्याला मारणारे हिमस्खलन बहुतेक वेळा तसे नसते. ते समजायला आपल्याकडचा एक शब्द मात्र फार नेमका आहे: लादी. हिमाचे थर एकावर एक पडत जातात. मधे एखादा थर कच्चा राहतो. जमिनीची ऊब आणि वरची कडक थंडी यांच्या ओढाताणीत तळाच्या हिमकणांचे भरड साखरेसारखे दाणे होतात आणि ते एकमेकांना धरत नाहीत; किंवा निरभ्र रात्री पृष्ठभागावर गोठलेल्या दवाची पाती उगवतात आणि पुढच्या हिमवर्षावात गाडली जातात. या कच्च्या थरावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला की ती लादी तयार झाली. माणसाचे वजन पडले की खालचा कच्चा थर ढासळतो, कधी 'हुंफ्' असा आवाज येतो, भेग सळसळत आडवी धावते आणि अख्खा उतार लादीसारखा सुटतो. बहुतेक वेळा हे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडते, आणि स्की करायला नेमके तेच उतार हवेसे वाटतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अपघातात सापडलेल्यांच्या बाबतीत सुमारे ९० टक्के वेळा तो उतार त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेला असतो. डोंगर आपणहून अंगावर आला असे फार क्वचित घडते.

सुटलेले हिम खाली जाऊन थांबते तेव्हा काय होते, हे मी लेखकांच्या वर्णनातच पहिल्यांदा नीट समजून घेतले. वाहताना ते द्रवासारखे असते. थांबताच कणांमध्ये सांधे जुळतात आणि काही क्षणांत ते आळते. आत अडकलेल्याला बोटही हलवता येत नाही. वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. तोंडापुढे जी हवेची पोकळी राहिली असेल तेवढीच शिदोरी. उच्छ्वासाने तिची भिंत वितळते, पुन्हा गोठते आणि तोंडासमोर बर्फाचा गिलावा धरतो. ताजी हवा येईनाशी होते, स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा आत जातो. काही माणसे खडकावर किंवा झाडावर आपटून मरतात. त्यांना कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही. पण बहुसंख्य गुदमरून मरतात, आणि गुदमरायला वेळ लागतो. तेवढ्याच वेळावर या पुस्तकातली सारी साधने उभी आहेत.

इथे सियाचिनची आठवण काढणे भाग आहे, कारण ती प्रत्येक मराठी वाचकाच्या मनात आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम ठाण्यावर, सुमारे १९,६०० फुटांवर, १९ मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक जवान होता. सहा दिवसांनी, कित्येक फूट बर्फ कापून, लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. सगळा देश त्यांच्यासाठी प्रार्थना करत होता. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. त्या शौर्यापुढे मान झुकते. पण त्या घटनेतून एक चुकीची समजूत आपल्याकडे पसरली, की बर्फाखाली माणूस दिवसेंदिवस तगू शकतो. हणमंतप्पा निवाऱ्यात होते. तो कोसळला तरी त्यांच्याभोवती हवेची पोकळी राहिली. उघड्या उतारावर स्की करताना गाडल्या जाणाऱ्याला असा निवारा नसतो. त्याच्यासाठी दिवसांची गोष्टच नाही, हेलिकॉप्टरची आणि लष्कराच्या तुकडीचीही नाही. गुलमर्गच्या गावातून मदत वर पोहोचायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात त्याचे सगळे संपलेले असते. त्याला कोण काढणार, तर त्या क्षणी त्याच उतारावर उभा असलेला सोबती.

म्हणून मी लेखकांच्या एका वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. त्याचा आशय असा, की ट्रान्सीव्हर आपण स्वतःसाठी बांधत नाही. गाडल्या गेलेल्याचे यंत्र फक्त हाक मारते. ऐकणारे यंत्र आणि कान दुसऱ्याचे असतात. माझे फावडे माझ्या कामाचे नाही, तुझे आहे. महागडे यंत्र घेऊन एकटाच डोंगरात जाणारा माणूस खरे तर निःशस्त्रच गेलेला असतो. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण दुकानात उभे राहून पैसे मोजताना ती कोणाच्या ध्यानात राहत नाही. तिथे सगळे विचारतात की हे मला वाचवील का. विचारायला हवे ते असे, की माझ्याबरोबर येणाऱ्याला हे चालवता येते का.

या यंत्राचा इतिहास मला कादंबरीइतका रंगतदार वाटतो. फार पूर्वी ग्रेट सेंट बर्नार्ड घाटातल्या मठातले साधू कुत्री पाळत. त्यांतल्या बॅरी नावाच्या कुत्र्याला ४० हून अधिक माणसांचे प्राण वाचवल्याचे श्रेय दिले जाते. १८१४ साली तो मेला आणि त्याचा पेंढा भरलेला देह आजही बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. विसाव्या शतकात गिर्यारोहक कमरेला लाल दोरी बांधून मागे सोडू लागले. माणूस गाडला गेला तरी हलक्या दोरीचे टोक वर तरंगेल, अशी आशा. कधी तरंगे, कधी दोरीही माणसाबरोबर आत जाई. मग १९६८ साली अमेरिकेत, बफलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत काम करणाऱ्या जॉन लॉटन यांनी अंगावर बाळगायचा छोटा रेडिओ बनवला. त्याला नाव दिले स्काडी, नॉर्स पुराणकथांतल्या हिवाळ्याच्या आणि स्कीच्या देवतेचे. १९७१ पासून तो विकला जाऊ लागला. २.२७५ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या या यंत्राचा ठोका कानात इअरफोन घालून ऐकायचा आणि आवाज जिकडे वाढेल तिकडे सरकायचे.

युरोपात मात्र दुसरी वारंवारता रूढ होत गेली, ४५७ किलोहर्ट्झ. तिचा पल्ला जास्त होता. स्विस सैन्यासाठी घडवलेल्या यंत्राला बॅरीव्हॉक्स हे नाव मिळाले, म्हणजे त्या कुत्र्याचा आवाज. काही वर्षे अशी गेली की एकाच डोंगरावरच्या दोन तुकड्यांना एकमेकांच्या हाका ऐकू येत नसत, कारण यंत्रांची भाषा वेगळी होती. १९८६ साली आल्प्सच्या बचाव संस्थांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ४५७ किलोहर्ट्झ हे प्रमाण मानले आणि १९९६ पर्यंत उत्तर अमेरिकेनेही ते स्वीकारले. आज जपानमध्ये घेतलेला ट्रान्सीव्हर गुलमर्गमध्ये चालतो आणि ऑस्ट्रियात बनलेला अलास्कात. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांनी एका आकड्यावर एकमत केले आणि त्यामुळे अनोळखी माणूस अनोळखी माणसाला वाचवू शकतो. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे.

१९९७ साली डिजिटल यंत्र आले. त्याने आवाजाच्या जागी बाण आणि आकडा दाखवला. पुढे तीन अँटेनांची यंत्रे आली आणि सिग्नल कोणत्याही कोनात पडला तरी पकडता येऊ लागला. तरीही एक गोष्ट शिकावीच लागते. बाण सरळ सोबत्याकडे नेत नाही. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकल्यावर शाळेत आपण ज्या वक्र रेषा पाहिल्या, तशाच रेषा पुरलेल्या यंत्राभोवती असतात आणि शोधणारा त्या रेषेवरून वळसा घेत जातो. आमची पहिली चूक इथेच झाली. बाण डावीकडे वळला की आम्हाला वाटे यंत्र बिघडले. आम्ही थांबायचो, वाद घालायचो, मागे फिरायचो. दुसरी चूक त्याहून मोठी होती. चौघांपैकी एकाने आपले यंत्र शोधण्याच्या कळीवर टाकलेच नव्हते. ते हाक मारत राहिले आणि बाकी तिघे काही वेळ त्याच्याच मागे फिरलो. खऱ्या प्रसंगी घाबरलेल्या माणसांच्या हातून हे सर्रास घडते, असे प्रशिक्षकांनी सांगितले. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाचे यंत्र हाक मारते की नाही आणि ऐकते की नाही, हे एकेकाला समोरून चालवत तपासायचे असते. आणि मोबाइल ट्रान्सीव्हरपासून लांब ठेवायचा असतो, शोधताना तर हाताच्या अंतराहून लांब, कारण त्याच्या गोंगाटात ही क्षीण हाक बुडून जाते. ट्रान्सीव्हर जाकिटाच्या बाहेरच्या खिशात नको, आतल्या कपड्यांवर पट्ट्यांनी बांधलेला हवा. वाहत्या हिमात जाकीट अंगावरून ओरबाडले जाते.

यंत्र साधारण जागा दाखवते, नेमकी जागा प्रोब सांगतो. प्रोब म्हणजे तंबूच्या काठीसारखी घडी उलगडून अडीच-तीन मीटर लांब होणारी सळई. ती उताराला काटकोनात खुपसायची, मग २५ सेंटिमीटरवर दुसऱ्यांदा, गोल फिरत बाहेर. जमिनीला लागली तर टणक वाटते, माणसाला लागली तर मऊसर उसळी देते. तो स्पर्श वाचून कळत नाही. लागल्यावर सळई काढायची नाही, तिथेच राहू द्यायची.

मग फावडे. या प्रकरणाला लेखकांनी बाकीच्यांइतकीच पाने दिली आहेत. माझ्या मते दुप्पट द्यायला हवी होती, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनी ती द्यावीत अशी माझी विनंती आहे. यंत्र कितीही हुशार असो, शोधाच्या एकूण वेळातला मोठा वाटा उकरण्यात जातो. आळलेल्या हिमस्खलनाच्या एका घनमीटरचे वजन ३०० ते ५०० किलो भरते. मीटरभर खाली असलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत पोहोचायला टनभर, कधी त्याहून जास्त बर्फ हलवावा लागतो, तोही हजारो फुटांवरच्या विरळ हवेत. प्लॅस्टिकचे फावडे तिथे वाकते, धातूचे हवे. आणि सळईच्या वर उभे राहून सरळ खाली खणणे ही सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत घातक चूक आहे. आपल्याच वजनाने सोबत्याची उरलीसुरली पोकळी दाबली जाते, खड्डा विहिरीसारखा होतो आणि बर्फ फेकायला जागा राहत नाही. सळईपासून उताराच्या खालच्या बाजूला सरकून, आडवे आत शिरायचे असते. माणसे जास्त असतील तर एकाने तोडायचे आणि मागच्यांनी तो बर्फ पाणी उपसल्यासारखा मागे ढकलत न्यायचा, आणि दर काही मिनिटांनी जागा बदलायच्या. गावाकडे विहिरीतला गाळ काढताना ज्यांनी माणसांची साखळी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमजेल. आमच्या २३ मिनिटांपैकी १४ मिनिटे आम्ही चुकीच्या जागी उभे राहून खणण्यात घालवली होती.

आता एअरबॅग. आजकाल चर्चा सगळी हिचीच, आणि ती अगदीच अस्थानी नाही. ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे गाडल्यानंतरची साधने आहेत. एअरबॅग गाडलेच जाऊ नये म्हणून आहे. १९७० च्या दशकात बव्हेरियातल्या जोसेफ होहेनेस्टर या वनरक्षकाच्या लक्षात आले, की खांद्यावर मारलेली शिकार असताना हिमस्खलनात सापडले तर आपण वर राहतो. त्याच्या कल्पनेचे पेटंट पेटर आशाउअर यांनी घेतले आणि १९८५ साली एबीएस या नावाने फुगणारी पिशवी बाजारात आणली. त्यामागचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात आहे. चिवड्याचा डबा हलवला की बारीक चुरा आणि मसाला तळाशी जातो, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात. वाहते हिम हाही हलणारा डबाच. त्यात मोठी वस्तू वर सरकते. पाठपिशवीतला फुगा दीडशे लिटरच्या आसपास फुगला की माणूस मोठा शेंगदाणा होतो. म्हणूनच हा फुगा पाण्यातल्या जीवरक्षक जाकिटासारखा तरंगवत नाही. हिम वाहत असेपर्यंतच त्याचा उपयोग. वाहणे थांबल्यावर वरून दुसरे हिमस्खलन आले, किंवा दरीच्या अरुंद घळीत हिमाचा ढीग साचला, तर फुगा काही करू शकत नाही.

या पिशवीचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने नीट मांडला. गंभीर हिमस्खलनात सापडलेल्या माणसांमध्ये, फुगा फुगलेला नसताना मृत्यूचे प्रमाण २२ टक्के होते. फुगल्यावर ते ११ टक्क्यांवर आले. निम्मे मृत्यू टळतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच अभ्यासात २० टक्के प्रसंगी फुगा फुगलाच नाही, आणि त्यांतल्या बहुतेक वेळा कारण यंत्राचे नव्हते: माणसाने फुगवायचा दांडाच ओढला नाही. पायाखालची लादी सुटली असताना, पहिल्या दोन-तीन सेकंदांत, डाव्या खांद्यावरचा दांडा शोधून ओढायचा. ज्याने घरी, पिशवी पाठीवर चढवून, हातमोजे घालून हे शंभर वेळा केले नाही त्याचा हात त्या वेळी तिथे जात नाही. सुरुवातीच्या पिशव्यांत दाबलेल्या वायूची नळकांडी असते, आणि विमानातून नेताना तिची परवानगी आधी काढावी लागते. २०१४ पासून विजेच्या पंख्यावर फुगणाऱ्याही पिशव्या आल्या आहेत. त्या पुन्हा पुन्हा फुगवून सराव करता येतो, आणि हाच त्यांचा मला दिसणारा सर्वांत मोठा गुण आहे.

कपड्यांत शिवलेला रेको हा स्वीडिश परावर्तक ट्रान्सीव्हरची जागा घेत नाही, हे एवढेच लक्षात ठेवावे. १९७० च्या दशकात ओरे इथल्या हिमस्खलनानंतर मॅग्नस ग्रानहेड यांच्या मनात ती कल्पना आली. परावर्तकाला बॅटरी लागत नाही, पण तो शोधायला बचाव पथकाचे खास यंत्र लागते आणि पथक यायला वेळ लागतो.

श्वासाच्या साधनांचे प्रकरण मला सर्वांत अद्भुत वाटले. गाडलेल्या माणसाभोवतीच्या हिमातच भरपूर हवा असते. फक्त उच्छ्वास तिच्यात मिसळू द्यायचा नाही. डेन्व्हरचे मनोविकारतज्ज्ञ थॉमस क्रॉली यांनी याच सूत्रावर अव्हालंग ही नळी बनवली: समोरून हवा ओढायची, उच्छ्वास पाठीमागे सोडायचा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना मुद्दाम बर्फात पुरले. नळीविना ते सरासरी १० मिनिटे राहू शकले, नळीसह ५८. अडचण एकच. नळी तोंडात धरून ठेवावी लागते, आणि गडगडताना ती निसटते. अलीकडे एका नॉर्वेजियन कंपनीने पंखा पाठपिशवीत बसवला आहे. तो मागच्या बाजूची हवा ओढून तोंडाजवळ फेकतो. तोंडात काही धरायचे नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पंखा चालू असलेल्यांनी साधारणपणे ठरवलेली कमाल मुदत म्हणजे ३५ मिनिटे पार केली. पंखा नसलेल्यांना साधारण ६ मिनिटांतच बाहेर काढावे लागले. या साधनाने सोबत्याला वेळ मिळतो. सोबती लागतोच.

एका बाबतीत लेखकांशी माझे थोडे मतभेद आहेत आणि ते त्यांना मी सांगितले आहेत. अंगावर सगळी साधने चढवली की माणूस अधिक धीट होतो आणि ज्या उतारावर एरवी गेला नसता तिथे जातो, या भीतीला त्यांनी शेवटच्या प्रकरणात जागा दिली आहे. मी ती पहिल्या पानावर घेतली असती. गुलमर्गची गोंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात आफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर नेऊन सोडते. दार उघडून बाहेर पडले की चारी बाजूंना राखलेले नसलेले उतार. तिथवर पोहोचायला घाम गाळावा लागत नाही, तिकीट लागते; आणि चालत वर येताना डोंगर जे सांगतो ते ऐकायची संधीच मिळत नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी आफरवटच्या हापतखुद भागात दोन पोलिश स्कीयर हिमस्खलनात गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गच्या वरच्या उतारावर एक रशियन स्कीयर गेला. त्याच खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० रोजी हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान प्रशिक्षणाच्या वेळी गेले होते. हे कसलेले सैनिक होते, बर्फात राहणे हाच त्यांचा अभ्यास होता. त्या दिवशी उतार सुटला आणि त्यांच्या अनुभवाने त्याला थांबवले नाही. यंत्र अंगावर असताना घेतलेला निर्णय यंत्र नसताना घेतला असता का, हा प्रश्न प्रत्येक उताराच्या तोंडाशी मोठ्याने विचारावा, आणि एकाने जरी नको म्हटले तरी सगळ्यांनी परतावे. परतणाऱ्याला आपल्याकडे अजून कमी लेखतात. ते बंद व्हायला हवे.

हे पुस्तक मराठीत आले याचा मला मनापासून आनंद आहे. या विषयावर इंग्रजीत, जर्मनमध्ये आणि फ्रेंचमध्ये भरपूर आहे, आणि आपली मुले इंग्रजी वाचतात हेही खरे. पण घाबरलेल्या क्षणी सूचना आपण आपल्या भाषेत ओरडतो. आमच्या त्या सरावात "प्रोब काढू नकोस, तिथेच राहू दे" हे वाक्य मराठीत उच्चारायला आम्हाला काही क्षण लागले, कारण ते आम्ही कधी म्हटलेच नव्हते. लेखकांनी प्रत्येक पायरीसाठी छोट्या, ओरडून सांगता येतील अशा मराठी आज्ञा सुचवल्या आहेत. त्या पाठ कराव्यात.

सरावाला बर्फ लागत नाही. ट्रान्सीव्हरची हाक मातीतून, पाचोळ्यातून आणि कपड्यांच्या गाठोड्यातूनही तशीच ऐकू येते. पुढच्या रविवारी जवळच्या मैदानावर एक चालू ट्रान्सीव्हर पोत्यात घालून कोणाला तरी लपवायला सांगा. घड्याळ लावा, शोधा, आणि किती मिनिटे लागली ते या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. तो आकडा १० च्या आत येईपर्यंत बर्फातल्या उतारावर पाऊल ठेवू नका.